यंत्राला संथा देताना

गेल्या गणेशोत्सवात दांडिया बाजारातील एका मंडळाच्या व्याख्यानाला आम्ही गेलो होतो. विषय संस्कृत भाषेचा, वक्ते वाक्पटू, आणि सभागृह नेहमीप्रमाणे आमच्यासारख्या पांढऱ्या केसांच्या मंडळींनी भरलेले. उत्तरार्धात वक्त्यांनी सांगितले, की संगणकाला सर्वांत योग्य भाषा संस्कृत होय असा निर्वाळा खुद्द अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने दिला आहे. कारण संस्कृतात एका वाक्याचा एकच अर्थ निघतो, दुसरा निघूच शकत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शेजारी आमच्या धाकट्या बंधूंची नात बसली होती. मुलगी संगणकशास्त्र शिकते, आणि वर्षभरापासून तिने संस्कृतचेही वेड घेतले आहे. टाळ्या ओसरल्यावर तिने हळूच विचारले, “मोठे आजोबा, ‘तदेव’ म्हणजे काय हो?”

“तेच. तत् अधिक एव.”

“मग ‘तदा इव’ का नाही? तेव्हाप्रमाणे, असं? त्याचाही संधी ‘तदेव’च होतो ना?”

होतो. आकारापुढे इकार आला की एकार होतो, हे आम्ही इंग्रजी तिसरीत शिकलो. साठ वर्षे हा शब्द वाचीत आलो आणि हा दुसरा विग्रह एकदाही मनात आला नव्हता. येणारच नाही, कारण वाचणारा माणूस मागचेपुढचे पाहून वाचतो. पण यंत्राला मागचेपुढचे कोठून दिसणार? ते त्याला कोणीतरी दाखवावे लागते. ते दाखविण्याची विद्या कोणती, ती कोण शिकतो, कोणी शिकावी, आणि आपण बडोदेकर मंडळी तिच्यापासून इतकी दूर का राहिलो आहोत, याविषयी चार शब्द लिहावेत असे त्या रात्रीपासून मनात होते.

प्रथम त्या ‘नासा’चा निकाल लावू. १९८५ साली रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने कृत्रिम बुद्धिमत्तेला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात एक लेख लिहिला. ते ‘नासा’च्या कॅलिफोर्नियातील केंद्राशी संलग्न अशा संस्थेत काम करीत, एवढाच त्या लेखाचा ‘नासा’शी संबंध. लेखाचा आशय असा, की वाक्याचा अर्थ यंत्रात साठविण्यासाठी त्या काळचे शास्त्रज्ञ जी जाळीवजा मांडणी करीत होते, तिच्याशी आपल्या वैयाकरणांचा शाब्दबोध फार जुळतो. क्रिया मध्यभागी घ्यावयाची आणि कर्ता, कर्म, करण आदींचा तिच्याशी असलेला संबंध एकेक उलगडून सांगावयाचा, ही ती शाब्दबोधाची रीत. तेव्हा माणसाची नैसर्गिक भाषाही काटेकोर होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. संगणकाच्या आज्ञा संस्कृतात लिहाव्यात असे त्यांनी म्हटलेले नाही, आणि ‘नासा’नेही तसा निर्वाळा दिलेला नाही. गंमत अशी, की त्या लेखाच्या आधारग्रंथांत नागेश भट्टांच्या ‘लघुमंजूषे’चे नाव आहे. नागेश भट्ट म्हणजे काशीला स्थायिक झालेल्या काळे घराण्यातील महाराष्ट्रीय पंडित. तेही आपल्यासारखेच मुलखाबाहेर वसलेले. व्याख्यानात त्यांचे नाव आले असते तर आम्ही दुप्पट टाळ्या वाजविल्या असत्या; परंतु नाव आले ते ‘नासा’चे.

आणि एका वाक्याचा एकच अर्थ? ज्या भाषेत एकाच श्लोकातून रामाची आणि पांडवांची अशा दोन्ही कथा सांगणारे ‘राघवपांडवीय’ लिहिले गेले, तिच्याविषयी हे बोलावे! श्लेष हा आपल्या कवींचा आवडता अलंकार. तो कोठून येतो? शब्द जोडले की त्यांचे सांधे दिसेनासे होतात, यातूनच बहुतेक वेळा येतो. ‘वानरः’ लिहिले तर ते माकड आहे की ‘वा नरः’ आहे, हे अक्षरे सांगत नाहीत.

आता यंत्राची पंचाईत पाहा. समजा ‘रामालयः’ असे लिहिलेले आहे. मधल्या ‘मा’तील आकार कसा बनला असेल? अ आणि आ मिळून, आ आणि आ मिळून, अ आणि अ मिळून, की आ आणि अ मिळून? चारही वाटा व्याकरणाला मान्य आहेत. पहिल्या वाटेने गेलो तर राम अधिक आलय, म्हणजे रामाचे मंदिर. दुसऱ्या वाटेने रामा अधिक आलय, म्हणजे एका सुंदर स्त्रीचे घर. तिसऱ्या आणि चौथ्या वाटेने पुढचे पद होते ‘अलयः’. अलि म्हणजे भुंगा, त्याचे अनेकवचन. म्हणजे रामाचे भुंगे किंवा रमणीचे भुंगे! शब्दकोश चाळून पाहिला तरी चारही पदे शुद्धच ठरतात. हा चार अक्षरांचा शब्द झाला. बाणभट्टाच्या अर्ध्या पानाच्या समासापुढे यंत्राला उभे केले म्हणजे त्याची काय गत होत असेल, याची कल्पना करावी.

या पंचाइतीतून मार्ग काढणाऱ्यांत एक मोठे नाव आहे जेरार्द ह्युए या फ्रेंच शास्त्रज्ञाचे. मूळचे संगणकशास्त्रातले, आणि त्यातही अव्वल दर्जाचे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना संस्कृतची गोडी लागली. १९९४ च्या सुमारास स्वतःच्या अभ्यासासाठी त्यांनी संस्कृत-फ्रेंच शब्दसंग्रह करावयास घेतला, आणि त्या संग्रहातून पुढे पदविभाग करणारे यंत्र उभे राहिले. कृती ऐकावयास सोपी आहे. प्रत्येक शब्दाची सर्व विभक्तिरूपे आणि प्रत्येक धातूची रूपे आधी यंत्राकडून तयार करवून ठेवावयाची. मग संधीचे नियम उलटे चालवावयाचे. आणि जेथे जेथे दोन्हीकडे मान्य रूपे सापडतील तेवढेच विभाग ठेवून बाकीचे टाकावयाचे. तरीही एका लांब वाक्याचे विभाग हजारांनी शिल्लक राहतात. तेव्हा त्यांनी आणि खरगपूरच्या आय.आय.टी.तील पवन गोयल यांनी एक युक्ती केली. हजारो उत्तरे एकाखाली एक न छापता, जी जी पदे शक्य आहेत ती सर्व त्यांच्या त्यांच्या जागी रंगीत चौकटींत मांडून दाखवावयाची. वाचणाऱ्याने एक चौकट पसंत केली की तिच्याशी न जुळणाऱ्या बाकीच्या आपोआप गळतात. चारपाच पसंत्यांत श्लोक उलगडतो. आम्हांला ही युक्ती फार सभ्य वाटली. यंत्र येथे निकाल देत नाही; शक्यता पुढे ठेवते आणि विचारते, शास्त्रीबुवा, यांतले आपल्याला कोणते मान्य आहे?

पण विचारले तर उत्तर देणारे शास्त्रीबुवा हवेत ना! त्याकडे पुढे येऊच.

संस्कृत आणि संगणक यांचे नाते अगदीच बनावट आहे, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. नाते आहे, आणि सख्खे आहे. फक्त ते भाषेशी नसून तिच्या व्याकरणाशी आहे. पाणिनीची जवळजवळ चार हजार सूत्रे म्हणजे शब्द घडविण्याची एक प्रचंड कृतियोजना. धातू घ्या, त्याला प्रत्यय लावा, प्रत्ययावरची खूण म्हणून लावलेली अक्षरे काढून टाका, स्वर बदला, संधी करा, आणि शेवटी शब्द हातात पडतो. चौदा माहेश्वर सूत्रे आपण लहानपणी डमरूच्या गोष्टीसह पाठ केली. त्यांचा उपयोग काय, ते आमच्या नातीने आम्हांला सांगितले. अच्, हल्, इक्, यण् अशी दोन दोन अक्षरांची नावे घेऊन वर्णांचे मोठमोठे गट मुठीत धरावयाची ती सोय आहे. एका नियमात पन्नास गोष्टी सांगता याव्यात म्हणून. १९६७ साली इंगरमन नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या नियतकालिकाला पत्र लिहिले होते. संगणकाच्या भाषांचे व्याकरण ज्या लिपिपद्धतीने लिहितात आणि जिला बॅकस यांचे नाव आहे, तिला पाणिनीचेही नाव द्यावे, कारण तिच्यासारखी पद्धत त्याने कितीतरी शतके आधी योजिली होती, अशी त्यांची सूचना होती. अभिमानच बाळगावयाचा तर अशा पत्राचा बाळगावा. ते पत्र लिहिणाऱ्याने निदान अष्टाध्यायीचे तंत्र समजून घेतले होते.

हे तंत्र किती खोल आहे, हे आम्हांला कळले ते मुलीच्या एका चुकीमुळे. ती हकीगत थोडी सविस्तर सांगतो.

तिने संधी करणारी एक लहानशी आज्ञावली लिहिली होती. दोन शब्द घालावेत, यंत्राने जोडून द्यावेत. देव अधिक इंद्र, देवेंद्र. प्रति अधिक एक, प्रत्येक. सर्व ठीक. मग तिने ‘गृहे’ आणि ‘इति’ घातले. यंत्र म्हणाले, ‘गृहेति’. आम्ही म्हणालो, “चुकलं. ‘गृह इति’ पाहिजे.” तिने तिचे नियम एकेक करून दाखविले. एकारापुढे स्वर आला म्हणजे ‘ए’चा ‘अय्’ होतो; म्हणून गृहय् इति. पदाच्या शेवटच्या य् चा विकल्पाने लोप होतो. म्हणून गृह इति. येथपर्यंत बरोबर. पण आता अकारापुढे इकार आला की नाही? मग त्यांचा एकार व्हावयासच पाहिजे, म्हणून गृहेति. “माझं काय चुकलं, ते सांगा ना,” ती म्हणाली.

काय चुकले ते आम्हांला सांगता येईना. ‘गृह इति’ शुद्ध, हे आम्हांला कानाने ठाऊक होते. का शुद्ध, ते ठाऊक नव्हते. अखेर कपाटातून काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांचा व्याकरणकोश काढला. १९६१ साली आपल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघालेला हा कोश आमच्या वडिलांनी घेतला होता, आणि आम्ही त्यावरची धूळ तेवढी वेळोवेळी झटकीत आलो होतो. ‘असिद्ध’ हा शब्द काढला आणि उलगडा झाला. पाणिनीने आपल्या आठव्या अध्यायाचे शेवटचे तीन पाद वेगळे काढून ठेवले आहेत. तेथील नियमांनी जे घडते ते आधीच्या सव्वासात अध्यायांतील नियमांना दिसत नाही. घडलेच नाही असे मानून ते चालतात. य् चा लोप सांगणारा नियम त्या तीन पादांतला आहे, आणि अ अधिक इ यांचा ए करणारा सहाव्या अध्यायातला. म्हणून डोळ्यांना य् गेलेला दिसत असला तरी सहाव्या अध्यायाच्या लेखी तो अजून तेथेच उभा आहे, आणि एकार होत नाही.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी जी चूक केली ती त्यांना आधीच माहीत होती.” तिच्या शास्त्रात याला म्हणे कामांचा क्रम आणि पडदा असे काहीतरी म्हणतात. नाव काहीही असो. ‘गृह इति’ का, हे आम्हांला पंचाहत्तराव्या वर्षी प्रथम कळले, आणि ते एका यंत्राला शिकविताना कळले. पाठ असलेली विद्या आणि समजलेली विद्या यांतील अंतर मोजावयाचे असेल तर यापरते साधन आम्ही पाहिलेले नाही. माणूस शिष्य असला तर गुरूच्या चेहऱ्याकडे पाहून पुढचे ओळखून घेतो. हा शिष्य ठार ओळखीत नाही. जेवढे सांगाल तेवढेच करील, आणि तुम्ही जे सांगावयाचे विसरलात ते चारचौघांत उघडे पाडील.

नियमांच्या भांडणाचेही असेच आहे. ‘देवाभ्याम्’मध्ये अकार दीर्घ होतो, ‘देवेभ्यः’मध्ये त्याचा एकार होतो. पहिला नियम अनेकवचनातही लागू शकतो; मग तेथे ‘देवाभ्यः’ का होत नाही? दोन नियम एकाच ठिकाणी हक्क सांगू लागले तर सूत्रपाठात जो पुढे आहे त्याचा जय, असे परंपरा सांगते, आणि या रूपापुरते ते चालते. सर्वत्र मात्र चालत नाही. म्हणून टीकाकारांनी परिभाषा रचल्या, त्यांना अपवाद जोडले, आणि नागेश भट्टांनी या परिभाषांवर ‘परिभाषेन्दुशेखर’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. २०२२ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ऋषी राजपोपट या तरुण संशोधकाच्या प्रबंधाची बातमी जगभरच्या पत्रांनी दिली, ती याच प्रश्नाची. पाणिनीच्या त्या सूत्रातील ‘पर’ या शब्दाचा अर्थ ‘पुढचे सूत्र’ असा नसून शब्दातील ‘उजवीकडचा भाग’ असा आहे. लगतच्या दोन भागांवर दोन नियम एकदम येऊ लागले तर उजव्या भागावरचा लावावा, असा त्यांचा पक्ष. अडीच हजार वर्षांचे कोडे सुटले, अशी ती बातमी आली. कोडे खरोखर सुटले का, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. पुष्कळांनी परंपरेच्या बाजूने उत्तरे दिली आहेत. आमचा तेथे अधिकार नाही. नोंदवावयाचे ते इतकेच, की हा वाद आता नुसत्या वाक्चातुर्याने चालणार नाही. दोन्ही पक्षांनी आपापले नियम यंत्रात घालावेत, हजारो शब्द घडवून पाहावेत, आणि किती शुद्ध निघाले ते मोजावे. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांना असा तिऱ्हाईत पंच याआधी कधी मिळाला होता?

पदे सुटली तरी वाक्य उरतेच. या बाजूला हैदराबाद विद्यापीठातील अंबा कुलकर्णी यांचे काम पाहावे. आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी असल्या तरच शब्दांचे वाक्य होते, हे आपण तर्कसंग्रहाच्या वेळी घोकले. ‘विस्तवाने शिंपतो’ या वाक्यात व्याकरण शुद्ध आहे, योग्यता नाही. ही जुनी कसोटी त्यांनी यंत्राच्या हाती दिली, आणि कोणते पद कोणत्या क्रियेशी कोणत्या नात्याने जोडले जाते ते त्याच्याकडून काढवून घेतले. त्याआधी कानपूरच्या आय.आय.टी.त विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी ‘अक्षर भारती’ या नावाखाली पाणिनीचा कारकविचार आजच्या भारतीय भाषांना लावून पाहिला. त्यांचे पुस्तक १९९५ साली निघाले. इंग्रजीत कर्ता कोण हे शब्दाच्या जागेवरून ठरते. आपल्याकडे ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘आंबा रामाने खाल्ला’ यांत कर्ता हलत नाही. मग जागा मोजणारे परदेशी व्याकरण आपल्या भाषांवर का लादावे? हा प्रश्न संस्कृतपुरता नाही, मराठीचाही आहे.

अलीकडे संस्कृतात घडाघडा उत्तरे देणारी बोलकी यंत्रे आली आहेत. ती नियमाने चालत नाहीत. असंख्य मजकूर वाचून पुढे कोणता शब्द यावा याचा अदमास बांधतात. आम्ही त्यांच्याशी बोलून पाहिले. बोलणे गोड, मधूनच रूप चुकलेले, आणि चूक दाखविताच लगेच क्षमायाचना! कोणत्या सूत्राने हे रूप झाले असे विचारले, तर कधी खरे सूत्र सांगतात, कधी भलतेच ठोकून देतात. सभेत टाळ्या मिळविण्यास हा शिष्य उत्तम आहे. परंतु त्याची चूक ओळखणारा कोणी घरात नसेल, तर पंचवीस वर्षांनी त्याचेच संस्कृत प्रमाण मानले जाईल, ही भीती आम्हांला वाटते.

आता ज्या गोष्टीने आम्हांला सर्वांत अधिक टोचले ती सांगतो. यंत्राला वाचावयास काही द्यावयाचे तर ग्रंथ आधी अक्षर न अक्षर त्याच्यात भरावे लागतात. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती आपल्या बडोद्यात सिद्ध झाली. १९२७ साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या मंदिराने हिंदुस्थानभरची हस्तलिखिते जुळवून १९६० ते १९७५ या पंधरा वर्षांत सात खंड काढले. अयोध्याकांड आणि युद्धकांड डॉ. प. ल. वैद्यांनी संपादिले. महाभारताची आवृत्ती पुण्यास भांडारकर संस्थेत झाली. या दोन्ही महाग्रंथांच्या संहिता संगणकात कोणी भरल्या? क्योतो विद्यापीठाच्या मुनेओ तोकुनागा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी त्या तपासून शुद्ध केल्या. ऑलिव्हर हेल्विग या जर्मन विद्वानांनी अशा ग्रंथांतील लाखो शब्दांचा पदच्छेद करून प्रत्येक पदाची ओळख लिहून ठेवली. यंत्राने सुचवावयाचे आणि माणसाने तपासावयाचे, असे ते वर्षानुवर्षांचे काम. बडोद्याचे रामायण बडोद्यातल्या मुलीला आज हातातल्या फोनवर शोधता येते, त्यामागे जपानी माणसाची बोटे आहेत. याबद्दल त्यांचे उपकारच मानावेत. परंतु ज्या वाड्यांत ते सात खंड कोरे करकरीत उभे आहेत, त्या वाड्यांतून हे काम करावयास एकही बोट का पुढे आले नाही?

आमच्या एका शास्त्रीमित्रांना हे बोलून दाखविले तेव्हा ते म्हणाले, “अहो, यंत्राने पदच्छेद करून दिला तर विद्यार्थी स्वतः कशाला करील? गणितयंत्र आले आणि पोरांचे पाढे गेले. आता रूपावलीही जाईल.” आक्षेप पोकळ नाही. आमच्या घरातच पाढे गेलेले आहेत. आणि शास्त्रीबुवांचा आणखी एक सल आहे. तो ते बोलून दाखवीत नाहीत. बारा वर्षे पाठशाळेत घालवून आलेल्या माणसाला या नव्या कामात बोलावितात ते ‘माहिती पुरविणारा’ म्हणून. मानाची खुर्ची संगणकवाल्याची. तिकडे संगणकवाल्यांचीही तक्रार असते, की शास्त्री एका प्रश्नाला तीन उत्तरे देतात आणि तिन्ही बरोबर म्हणतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. २००७ साली पॅरिसजवळ या विद्येची पहिली परिषद भरली, पुढच्या वर्षी अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात, २००९ मध्ये हैदराबादेत, २०१० मध्ये दिल्लीस, २०१३ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त. तेथे ही दोन्ही माणसे एका मेजावर बसली, म्हणून तर काम झाले. पण परिषदा दोन-चार वर्षांनी भरतात आणि मुलांना शिकावयाचे असते दर आठवड्याला.

शिकावयाचे काय, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे, आणि ते आमच्या नातीच्या वर्षभराच्या अनुभवावर आधारलेले आहे. आधी यंत्र नको. आधी हाताने, कागदावर, शंभर श्लोकांचा पदच्छेद करावा. प्रत्येक पदाची विभक्ती, वचन, धातू, लकार लिहावा. मग संधीचे नियम सूत्रांच्या क्रमाने वाचावेत, लघुकौमुदी पुरे. त्यानंतर आज्ञावली. तीही स्वतःची, मोडकीतोडकी का होईना. दुसऱ्याचे तयार यंत्र चालवून उत्तर पाहण्यात काही शिकणे नाही. ह्युए यांचे किंवा हैदराबादचे यंत्र वापरावयाचे ते पुढे, आपले उत्तर ताडून पाहण्यापुरते. एका वर्गाने (कोणत्या ते सांगत नाही) आमच्या नातीला पहिल्याच दिवशी तयार यंत्र दिले आणि सहा आठवड्यांनी प्रमाणपत्र दिले. ‘देवेभ्यः’ची विभक्ती तिला तेव्हा सांगता येत नव्हती.

आणि हे शिकविणारे बडोद्यात नाहीत असे नाही. एकेका गल्लीत एखादे निवृत्त संस्कृतशिक्षक आहेत, आणि प्रत्येक घरात संगणकाची नोकरी करणारा मुलगा किंवा सून आहे. गणेशोत्सवातल्या तीन व्याख्यानांचा खर्च वाचवून मंडळाने एका खोलीत शनिवारी दोन तास या दोघांना समोरासमोर बसविले, एक सर्ग घेतला, आणि तो पदशः लावून पुरा केला, तर वर्षात काहीतरी हाताशी लागेल. शास्त्रीबुवांना मानधन द्यावे, आणि तयार होणाऱ्या पदच्छेदावर त्यांचे नाव पहिले घालावे. आम्ही हे मंडळाला लिहून दिले आहे. सध्या ते ‘विचाराधीन’ आहे. आम्ही संस्थानी नोकरांचे वंशज, या शब्दाचा अर्थ जाणतो.

तोपर्यंत आमच्याच दिवाणखान्यात काम चालू केले आहे. सुंदरकांडाचा एक सर्ग घेतला. ती वाचते, आम्ही सांगतो, ती लिहून घेते आणि यंत्राला देते. पहिल्या शनिवारी चार श्लोक झाले, दुसऱ्या शनिवारी अकरा. तिसऱ्या शनिवारी एका समासाशी येऊन थांबलो. यंत्राने त्याचे दोन विग्रह दाखविले, मुलीला पहिला पटला, आम्हांला दुसरा. टीका काढून पाहिली, तर टीकाकाराने तिसराच दिला आहे. शास्त्रीमित्रांना येत्या शनिवारी चहाला बोलाविले आहे. कशासाठी, ते अद्याप सांगितलेले नाही.